मुंज पुढे गेली, पैसे मात्र साहेबांकडेच राहिले

पत्राचा सारांश (पत्र २०२२ चं, उत्तरातल्या मुदतीही तेव्हाच्या हिशोबाने; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई डिचोली तालुक्यात राहतात, शाळेत शिकवतात. मुलाची मुंज २०२० च्या अक्षय तृतीयेला फोंड्याजवळच्या एका देवळात ठरली होती. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मुंजीबरोबर समुद्रही हवा होता, म्हणून देवळाच्या अग्रशाळेतल्या खोल्या सोडून दक्षिण गोव्यातल्या एका टाइमशेअर रिसॉर्टमधली दोन अपार्टमेंट आठवडाभरासाठी घेतली. रिसॉर्टकडून नाही, तर मिस्टरांच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या एका साहेबांकडून, कारण ते त्या रिसॉर्टच्या टाइमशेअर कंपनीचे मेंबर, म्हणजे पैसे भरून दरवर्षी ठरावीक रात्री तिथे राहायचा हक्क घेतलेले. फेब्रुवारीत ६४,००० रुपये दिले, त्यातले ५०,००० ताईंच्या खात्यातून ट्रान्सफर आणि १४,००० रोख. मग लॉकडाऊन लागलं, रिसॉर्ट बंद, बुकिंग रद्द. साहेब आधी म्हणाले कंपनीने दिले की लगेच देतो, मग म्हणाले कंपनी रोख देत नाही, मग प्रत्येक वेळी "मागीर पळोवया" (नंतर बघू). मुंज पुढच्या वर्षी घरच्या घरी झाली. गेल्या डिसेंबरात साहेबांच्या स्टेटसवर लेक-जावई-नातवंडांसोबतचे रिसॉर्टमधले फोटो दिसले आणि तेव्हापासून ताईंना झोप नाही. मिस्टर म्हणतात सोडून दे, साहेबांनी माझ्या बदलीच्या वेळी खूप केलंय. सासूबाई म्हणतात मुंजीसाठी काढलेले पैसे परत मागू नयेत. ताई विचारतात: पैसे कंपनीकडे मागू की साहेबांकडे? कोरोनात सगळ्यांचंच गेलं तर मी एवढ्यासाठी भांडणं बरं दिसतं का? आणि अडीच वर्षांनी काही होतं का?

ताई,

आधी ते स्टेटसचे फोटो बाजूला ठेवा. राग त्यांच्यामुळे आलाय हे कळतंय, पण त्या फोटोंवरून काहीच सिद्ध होत नाही. टाइमशेअरच्या मेंबरला साधारणपणे वर्षाला सात रात्री मिळतात, काहींच्या दोन-दोन मेंबरशिप असतात, न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षीसाठी साठवताही येतात. साहेबांनी तुम्हाला एकाच आठवड्याला दोन अपार्टमेंट दिली म्हणजे त्यांच्याकडे रात्री भरपूर होत्या. डिसेंबरात ते गेले ते २०२१ च्या त्यांच्या स्वतःच्या रात्रींवर गेले असतील, कशाला नाही? तुम्ही "माझ्या पैशांवर मजा मारलीत" असा मेसेज टाकला आणि त्यांनी वेगळ्या वर्षाचं बुकिंग काढून दाखवलं की संपलं, तुमचं मूळ म्हणणं शंभर टक्के खरं असूनही तुम्हीच खोट्या पडणार आणि वर सॉरीही तुम्हालाच म्हणावं लागणार.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या नजरेतून सुटलीय. तुम्ही मला जे स्क्रीनशॉट पाठवलेत त्यात कंपनीचा एप्रिल २०२० चा इमेल आहे, साहेबांनीच तुम्हाला फॉरवर्ड केलेला. "बुकिंग रद्द" या शब्दांभोवती तुम्ही लाल गोल काढलाय. त्या गोलाच्या खाली, जिथे आपण कोणीच वाचत नाही तिथे, लिहिलंय की रद्द झालेल्या रात्री मेंबरच्या खात्यात परत जमा केल्या आहेत आणि त्यांची मुदत वाढवून दिली आहे. अडीच वर्षं हे तुमच्या फोनमध्ये पडून आहे! साहेबांनी तो इमेल लपवला नाही, उलट स्वतः पाठवला, त्यामुळे मला तरी हा माणूस लबाड वाटत नाही, बहुतेक त्यांनीही तो नीट वाचला नसावा, किंवा वाचून तुमच्यासारखाच अर्थ लावला की कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणजे विषय संपला. पैसे दिले नाहीत हे खरंच आहे. पण रात्री दिल्या ना.

तुम्ही जे विकत घेतलंत ते काय होतं, ते एकदा बघा. रिसॉर्टची खोली नाही. साहेबांच्या खात्यात ज्या रात्री होत्या त्यातल्या अमुक रात्री, अमुक तारखेला, दोन अपार्टमेंटमध्ये. त्याची किंमत ६४,००० ठरली आणि ती त्यांना मिळाली. नंतर त्या रात्री तुम्हाला मिळाल्या नाहीत, त्या फिरून त्यांच्याच खात्यात जाऊन बसल्या. म्हणजे आज साहेबांकडे रात्रीही आहेत (किंवा वापरून झाल्यात) आणि पैसेही आहेत, आणि तुमच्याकडे यातलं काहीच नाही. कोरोनामुळे कोणाचं किती गेलं हा हिशोब इथे लागतच नाही. एकच प्रश्न आहे, त्या रात्री शेवटी कोणाकडे राहिल्या? ज्याच्याकडे राहिल्या त्याने पैसे परत करायचे. एवढं साधं आहे ते, आणि म्हणूनच तुम्ही "भांडण" हा शब्द वापरलात ते मला पटत नाही. भांडायचं काय त्यात, हिशोब अर्धा राहिलाय तो पुरा करायचाय.

"सगळ्यांचंच गेलं" हे वाक्य मी या दोन वर्षांत इतक्या पत्रांत वाचलंय की आता ते दिसलं की मी जरा सावध होते. हॉलवाला म्हणतो, केटरर म्हणतो, टूरवाला म्हणतो, आणि बऱ्याचदा ज्याच्याकडे पैसे अडकलेत तोच म्हणतो. ज्याचे खरंच गेले तो बिचारा किती गेले ते आकड्यात सांगतो. केटररने किराणा भरून ठेवला होता आणि तो सडला तर ते नुकसान आहे, तो बिलं दाखवेल, त्यातलं निम्मं तुम्ही सोसाल, ठीक आहे. साहेबांचं नेमकं काय गेलं? ते म्हणतील मी वर्षाची मेंटेनन्स फी भरलीच ना. भरली, पण ती त्यांनी तुम्ही नसतात तरी भरलीच असती, टाइमशेअरमध्ये जा किंवा न जा ती फी भरावीच लागते, आणि त्या फीच्या बदल्यात मिळणाऱ्या रात्री तर त्यांना परत मिळाल्याच आहेत. हां, पाहुण्यांच्या नावाने बुकिंग करायला काही कंपन्या वेगळे पैसे घेतात, ते जर त्यांनी भरले असतील आणि कंपनीने परत केले नसतील तर तेवढे त्यांनी कापून घेणं मला योग्य वाटतं. तुम्ही स्वतःहूनच तसं म्हणा. समोरच्याला त्याची न्याय्य वजावट आपण आधीच दिली की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता कंपनी. कंपनीकडे मागून काही होणार नाही, कारण तुमचा आणि कंपनीचा व्यवहारच नाही. त्यांच्या लेखी बुकिंग साहेबांचं, तुमचे पाहुणे म्हणजे साहेबांचे गेस्ट. कस्टमर केअरला फोन केलात तर "मेंबरला बोलायला सांगा" असंच उत्तर येणार आणि ते उद्धटपणाचं नाही, बरोबर आहे. ग्राहक कायद्यात एक बारकावा आहे की पैसे भरणाऱ्याच्या संमतीने जो सेवा वापरतो तोही ग्राहक धरला जातो, त्यामुळे कंपनीची सेवाच वाईट असती, समजा पाहुण्यांना दारातून परत पाठवलं असतं, तर थोडंफार म्हणता आलं असतं. पण इथे लॉकडाऊनमध्ये रिसॉर्ट बंद ठेवणं त्यांना भागच होतं, गोव्यात हॉटेलं परत उघडायला परवानगी मिळाली तीच २०२० च्या जुलैमध्ये, आणि रात्री तर त्यांनी परत दिल्याच. कंपनीच्या अंगाला काही चिकटत नाही. साहेब तुम्हाला "कंपनी देत नाही" म्हणत राहिले आणि तुम्ही कंपनीवर चिडत राहिलात, यात अडीच वर्षं गेली.

इथे मला थोडं अवघड बोलायचंय. बहुतेक टाइमशेअर कंपन्यांच्या नियमांत असतं की मेंबरने आपल्या रात्री नातेवाईक-मित्रांना द्याव्यात, पण भाड्याने विकू नयेत. तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की "वाटलं तर कंपनीला कळवते की हे रूम विकतात, मग बघू कसे देत नाहीत". नका करू. एक तर तुम्हाला ते स्वस्त पडत होतं म्हणूनच तुम्ही तिथे गेलात, तेव्हा नियम आठवला नाही आणि आता आठवतोय हे कोणालाही दिसेल. दुसरं, त्यांची मेंबरशिप अडकली तर तुमचे पैसे परत यायची शक्यता वाढत नाही, कमीच होते. आणि "पैसे द्या नाहीतर तक्रार करते" असं लिहून पाठवलं की तो कागद उद्या तुमच्याच विरुद्ध वाचला जातो. हक्काचे पैसे मागताना धमकीची गरज नसते.

कायद्याचं बोलू. कोरोनामुळे रद्द झालं म्हणजे देवाची करणी, त्यात कोणी कोणाचं देणं लागत नाही, असा समज लोकांमध्ये घट्ट बसलाय. कायदा याच्या उलट सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्यातलं कलम ५६ म्हणतं की करार केल्यावर तो पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो, म्हणजे साहेबांनी तुम्हाला खोली दिली नाही याबद्दल तुम्ही नुकसानभरपाई मागू शकत नाही, पाहुण्यांची तिकिटं, मुंज पुढे गेली त्याचा मनस्ताप वगैरे काही नाही. पण पुढे कलम ६५ आहे, ते म्हणतं की असा करार रद्दबातल झाला की त्यातून ज्याला जो फायदा मिळाला असेल तो त्याने परत करायचा. लोक पहिलं कलम सांगतात आणि दुसरं गिळतात. "बुकिंगचे पैसे कुठल्याही कारणाने परत मिळणार नाहीत" असं आधीच लेखी ठरलेलं असेल तर वाद होऊ शकतो, पण तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये तसं काही मला दिसलं नाही. आणि आपल्या गोव्यात कोणीतरी हमखास म्हणतोच की इथे पोर्तुगीज कोड आहे, तर तो लग्न, वारसा, घरची मालमत्ता यांच्यासाठी, असल्या व्यवहाराला भारतीय करार कायदाच लागतो, आणि मुदतीचा भारतीय कायदाही, तो वाद सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच मिटवलाय.

मुदतीबद्दल घाबरू नका. दिलेल्या पैशांच्या बदल्यात जे मिळायचं ते मिळालंच नाही, तर ते पैसे वसूल करायला दिवाणी कोर्टात तीन वर्षं असतात. त्यात सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशात सांगितलंय की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचाच नाही. तुमचं बुकिंग रद्द झालं एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे तुमचं घड्याळ चालू झालं तेच १ मार्च २०२२ ला, हिशोबाने फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत वेळ आहे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, ती त्याच हिशोबाने फेब्रुवारी २०२४ पर्यंत जाते. पण म्हणून बसून राहू नका, लोकांची आठवण मुदतीआधी संपते आणि फोन तर त्याच्याही आधी बिघडतो. ते सगळे मेसेज आजच एक्स्पोर्ट करून स्वतःला इमेल करा, बँकेचं फेब्रुवारी २०२० चं स्टेटमेंट काढून ठेवा.

ग्राहक आयोगात जाता येईल का म्हणून विचारलंत. उत्तर गोव्याच्या आयोगासाठी पर्वरी, आणि नव्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतो, हे सगळं खरं. पण अडचण अशी की साहेब हे काही दुकान थाटून बसलेले नाहीत. एखाद्याने एकदा ओळखीत आपल्या रात्री दिल्या तर आयोग म्हणू शकतो की हा खाजगी व्यवहार आहे, इथे ग्राहक आणि विक्रेता कोणी नाही, दिवाणी कोर्टात जा. ते दरवर्षी जाहिरात टाकून अशा रात्री विकत असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. म्हणून मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही, वेळ जाईल आणि डोक्याला ताप. त्यापेक्षा विधी सेवा समिती बघा, जवळच्या कोर्टात तिचं ऑफिस विचारा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय, आणि केस न घालताच दोघांना बोलावून लोक अदालतीत मिटवता येतं, त्याला फी लागत नाही. साहेबांसारख्या रिटायर माणसाला कोर्टाचं समन्स जितकं झोंबेल तितकं हे झोंबणार नाही.

पण मला वाटतं तिथवर जायची वेळच येणार नाही, कारण खरं सांगायचं तर तुम्ही अजून पैसे मागितलेलेच नाहीत. तुमचे सगळे मेसेज वाचले मी. "साहेब, कंपनीचं काही कळलं का?" "साहेब, त्या बुकिंगचं काय झालं?" "साहेब, रिफंडचं बघा ना जरा." यात तुम्ही त्यांच्याकडे बातमी विचारताय, पैसे नाही. आणि ते बातमी देतात. माझे पैसे परत द्या, इतके, या तारखेपर्यंत, असं एकदाही नाही. आपल्याकडे ओळखीत पैसे मागायचे म्हणजे जिभेला गाठ पडते, मग आपण आडून आडून बोलतो आणि समोरच्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा धरतो, आणि तो समजून न घेण्यात अगदी हुशार असतो.

तर मेसेज असा करा, तुमच्या शब्दांत बदला पण आकडे आणि तारखा तशाच ठेवा: "साहेब नमस्कार. २०२० च्या अक्षय तृतीयेच्या आठवड्यासाठी तुमच्याकडून दोन अपार्टमेंट घेतली होती, त्याचे एकूण ६४,००० दिले होते, ५०,००० खात्यातून आणि १४,००० रोख घरी येऊन. तुम्ही तेव्हा पाठवलेला कंपनीचा इमेल परत वाचला, त्यात त्या रात्री तुमच्या खात्यात परत जमा झाल्याचं लिहिलंय, सोबत जोडलाय. तेव्हा ते पैसे आता परत मिळावेत ही विनंती. गेस्टसाठी तुम्ही वेगळे काही भरले असतील आणि ते परत आले नसतील तर ते कापून घ्या, फक्त पावती पाठवा. एकदम जमणार नसेल तर दोन-तीन हप्त्यांत चालेल. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत कळवाल ना?" बस्स. स्टेटस नाही, मुंज नाही, मनस्ताप नाही, बदली नाही.

रोख रकमेचा उल्लेख मुद्दाम तसा घातलाय. पावती नाही म्हणून तुम्ही १४,००० सोडून द्यायच्या तयारीत होतात, पत्रात तसं लिहिलंयत. सोडू नका. मेसेजमध्ये सरळ लिहा, ते उत्तर देताना इतर सगळ्यावर बोलले आणि रोख मिळालीच नाही असं म्हणाले नाहीत, तर तेही तुमच्या बाजूने जातं. आणि ते "पैसे देतो" असं लेखी म्हणाले तर तो मेसेज जपून ठेवा, मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं की मुदत तिथून नव्याने मोजतात. फोनवर बोलले तर फोन ठेवल्यावर लगेच "आत्ता बोललो त्याप्रमाणे..." असा मेसेज टाका.

साहेब एक करू शकतात, पैशांऐवजी रात्री देऊ करतील. "आता जा ना मुलांना घेऊन, मी बुक करून देतो." तुम्हाला हवं असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही, पण नीट बघून घ्या. टाइमशेअरमध्ये वर्षाचे सीझन पाडलेले असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते, मे महिन्याच्या सुट्टीच्या आसपासचे दिवस घेतले होते तर जुलैच्या धो धो पावसातला आठवडा त्याच्या बदल्यात नाही चालणार. बुकिंगचं कन्फर्मेशन तुमच्या नावाने गेस्ट म्हणून आलं की मग हो म्हणा, तोवर पैशांचं म्हणणं मागे घेऊ नका. मला स्वतःला विचाराल तर पैसेच घ्या. मुंज झाली, पाहुणे आता येणार नाहीत, आणि डिचोलीहून समुद्र बघायला आपल्याला आठवडाभर राहायला कशाला लागतं.

तुमच्या मिस्टरांबद्दल. साहेबांनी बदलीच्या वेळी केलं असेल, नाही कोण म्हणतं. पण ते उपकार मिस्टरांवर, आणि ५०,००० गेले तुमच्या आरडीतून, तुमच्या खात्यातून. एकाच्या उपकाराची फेड दुसऱ्याच्या पैशांतून, तीही तिला न विचारता, हे मला तरी बरोबर वाटत नाही. त्यांना तसं सांगा, पण भांडणाच्या सुरात नको. मला वाटतं त्यांना पैसे सोडायचे नसावेत, त्यांना भीती आहे की साहेबांसमोर आपण कृतघ्न ठरू, आणि ती भीती खोटी नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या कोणाच्या तरी लग्नात समोरासमोर येणारच. म्हणून मेसेज करायच्या आधी मिस्टरांना दाखवा, शब्द त्यांना सौम्य करायचे असतील तर करू द्या, आकडा आणि तारीख काढू देऊ नका. पाठवायचा तुमच्याच नंबरवरून. त्यांच्या पाठीमागे करू नका, साहेब पहिला फोन त्यांनाच करणार आहेत आणि तेव्हा "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आली तर मग घरात जे होईल ते ६४,००० ला महाग पडेल. सासूबाईंचं म्हणाल तर मुंजीसाठी काढलेले पैसे मुंजीला लागले असते तर मीही तेच म्हटलं असतं. ते मुंजीला लागलेच नाहीत.

याच विषयावर आणखी बरीच पत्रं आलीत, त्यांच्यासाठी पटकन. मडगावच्या एकांच्या बाबतीत मेंबरच्या रात्री परत आल्याच नाहीत, मुदत संपून गेल्या, कंपनीने काही दिलं नाही. तिथे माझं मत बदलतं. कायद्याने तरीही तुम्ही मागू शकता, पण दोघांचंही खरंच गेलंय, तर अर्धे-अर्धे करून मिटवा, आणि आधी मेंबरला सांगा खात्याचा स्क्रीनशॉट दाखवा, शब्दावर नको. म्हापशाच्या एका वाचकाने सुप्रीम कोर्टाच्या १ ऑक्टोबर २०२० च्या रिफंडच्या निकालाचा हवाला देऊन हॉटेलकडे पैसे मागितले आणि हॉटेलने हात वर केले. तो निकाल विमानाच्या तिकिटांपुरता आहे, हॉटेल, हॉल, टाइमशेअर त्यात येत नाहीत, तिथे करार कायदा आणि तुमची पावती यांच्यावरच बोलावं लागतं. ज्यांनी थेट कंपनीकडून किंवा बुकिंगच्या वेबसाइटवरून खोली घेतली होती ते मात्र खरेखुरे ग्राहक, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, पुष्कळदा तिथेच मिटतं, नाही मिटलं तर मग आयोग.

आणि एक सावधगिरी. "तुमचा टाइमशेअरचा अडकलेला रिफंड काढून देतो", "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी फक्त प्रोसेसिंग फी भरा" असे फोन येतात. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनाच येतात, नंबर कुठून मिळतो देव जाणे. आपल्याकडे कळंगुट-बागाच्या रस्त्यावर एके काळी परदेशी पाहुण्यांना स्क्रॅचकार्ड देऊन टाइमशेअरच्या ऑफिसात नेऊन बसवायचे, कार्डावर बक्षीस हमखास निघायचं, हे त्याचंच फोनवरचं रूप समजा. पैसे परत घेण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी द्यावा लागत नाही.

ताई, पंधरा दिवसांत साहेबांकडून काहीच आलं नाही तर एकदा साधी आठवण करा, आणखी आठवडा थांबा, आणि मग सगळे कागद घेऊन विधी सेवा समितीत जा. तेव्हा मला परत पत्र लिहून विचारत बसू नका, इथे नंबर लागायला महिना जातो.